बारा जणींचं व्याज शून्य

पत्र: मी अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं. आईच्या बचत गटात बारा जणी आहेत आणि गटाचं दप्तर मीच लिहिते. दर महिन्याला बचत, हप्ते, व्याज, दंड जुळवता जुळवता रात्र होते. याचं मोबाईल ॲप आपणच करावं असं डोक्यात आलंय, पण प्रोग्रामिंगमधला ‘प्र’सुद्धा येत नाही. घरात भावाचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. लातूरला एका क्लासनं सहा महिन्यांचे ४५ हजार सांगितले. कोणती भाषा शिकू? क्लास लावू का? आई रोज म्हणते, ‘काय करायलीस दिवसभर त्या मोबाईलमधी?’ तिला काय सांगू?

उत्तर:

तू माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू घाईत लिहून पुढे निघून गेलीस. दप्तर मीच लिहिते, एवढंच. ॲप शिकायचं म्हणून माझ्याकडे येणारी पोरं आधी भाषा ठरवतात, क्लास लावतात, बापाला लॅपटॉप घ्यायला लावतात आणि मग विचारतात, मॅडम, आता बनवू काय? शेवटी कुणाचं तरी हवामानाचं ॲप बघून बघून उतरवतात आणि तिथंच थांबतात. तुझं काय बनवायचं ते ठरलेलं आहे. वापरणाऱ्या बायका गल्लीत राहतात. आणि ॲपनं काढलेला हिशोब बरोबर की चूक हे तपासायला तुझ्याच अक्षरातल्या वह्या घरात आहेत. असा हातात आलेला मसाला सोडून भाषेच्या मागे कशाला लागतेस?

म्हणून आधी पैशाचं बोलते. तुझं पहिलं ॲप आईच्या फोनवर चालेपर्यंत एक रुपया खर्च करू नकोस. क्लासवर नको आणि नव्या लॅपटॉपवरही नको.

क्लासला माझा विरोध नाही, पण माझा अनुभव ऐक. नांदेडला कॉलेजात असताना मी एका क्लासला सहा महिने जात होते. सर फळ्यावर कोड लिहायचे आणि आम्ही तो वहीत उतरवून घ्यायचो. संगणक आठवड्यातून एकदा मिळायचा, तोही तिघींत एक. परीक्षेत मला पैकीच्या पैकी पडले. पहिल्या नोकरीत रिकाम्या स्क्रीनसमोर बसवलं तेव्हा मात्र पहिली ओळ कुठून सुरू करायची तेच सुचेना. आपल्याकडच्या लातूर पॅटर्ननं आपल्याला सरावाची चांगली सवय लावली, ती इथं कामाला येईल. उत्तर आधी पाठ करून ठेवायची सवय मात्र घरी ठेवून यायची. सहा महिने स्वतः धडपडून झाल्यावर क्लास लावावासा वाटला तर खुशाल लाव. तेव्हा फी विचारायच्या आधी विचार की रोज मशीनवर किती वेळ मिळणार आणि शिकवणाऱ्याचं स्वतःचं एखादं ॲप प्ले स्टोअरवर आहे का. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असा बोर्ड असेल तर मागच्या बॅचमधल्या दोन मुलींशी बोलायला माग. टाळाटाळ झाली की चप्पल घाल आणि निघ.

आता लॅपटॉप. अँड्रॉइडची ॲपं ज्यात लिहितात ते अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते असं गूगल स्वतःच सांगतं. ४ जीबीवर ते उघडलंच तरी लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरत बसेल आणि दोष तू स्वतःला देशील. शिवाय ते उतरवून घ्यायला एक जीबीच्या वर डेटा जातो आणि बसवल्यावर ते स्वतःसाठी आणखी काही जीबी ओढतं. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर हे झेपायचं नाही. त्याचं नंतर पाहू.

तू सुरुवात ॲप इन्व्हेंटरवर कर. हे २०१० मध्ये गूगलनं सुरू केलं होतं, पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं ते हाती घेतलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे तुझा लॅपटॉपही पुरतो. फोनवर त्याचंच एक जोडीदार ॲप घ्यायचं. भावाच्या फोनचा हॉटस्पॉट चालू कर, लॅपटॉप आणि तुझा फोन दोन्ही त्याला जोड, लॅपटॉपवर दिसणारा क्यूआर कोड फोननं स्कॅन कर. तिकडे स्क्रीनवर बटण ओढून ठेवलंस की इकडे तुझ्या हातातल्या फोनवर ते उमटतं.

पहिल्या संध्याकाळी एवढंच कर. लिहायच्या दोन चौकटी ठेव, एक मुद्दलीची आणि एक दराची. खाली ‘व्याज काढा’ असं बटण, त्याखाली एक रिकामी पट्टी. मग ठोकळ्यांच्या पानावर जा, इथं कोड लिहायच्या ऐवजी ठोकळे जोडायचे असतात. तिथं ‘हे बटण दाबलं की’ अशा अर्थाचा एक ठोकळा असतो, त्याच्या पोटात दुसरे ठोकळे बसतात. मुद्दल गुणिले दर भागिले शंभर हे जुळवून पट्टीला जोड. पाच हजार आणि दोन टाकलेस की शंभर यायला हवेत. आले की तो फोन आईसमोर धर, काही समजावू नकोस, नुसतं बटण दाबायला सांग. पाटावर बसून ती पहिली चूक काढेल. बहुधा अक्षरं बारीक आहेत म्हणेल. ती आधी मोठी कर, मग पुढे जा.

पंधरा-वीस दिवसांत तुला ठोकळ्यांचा कंटाळा येईल. बारा जणींची खाती, प्रत्येकीचे हप्ते, मागची थकबाकी असं वाढलं की ठोकळ्यांचं जाळं होतं आणि कोणता कुठं जोडला ते सापडत नाही. असा कंटाळा आला की खुशाल समज, भाषा शिकायची वेळ झाली.

कोणती भाषा? कोटलिन. २०१७ मध्ये गूगलनं तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिली पसंती आहे. जावा जुनी आणि भक्कम आहे, पण आज नव्यानं सुरू करणारीनं तिथून निघायचं कारण नाही. फ्लटर नावाचं साधन आहे, त्यात एकदा लिहिलेलं अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतं. तेही चांगलंच आहे. पण आयफोनचं ॲप शेवटी बांधायला ॲपलचाच संगणक लागतो आणि वर ॲपलची वर्षाची ९९ डॉलर फी. तुझ्या गटात आयफोन कुणाकडे आहे सांग बरं. पोरं या भाषेच्या प्रश्नावर महिनोन् महिने घालवतात. भाषा म्हणजे काही सोयरीक नाही, एक नीट आली की दुसरी पंधरवड्यात हाताशी येते.

कोटलिन शिकायलाही सुरुवातीला काही बसवायला नको. कोटलिन प्लेग्राउंड म्हणून पान आहे, ब्राउझरमध्ये उघडायचं, लिहायचं, चालवायचं. आणि इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. या भाषेचे पक्के राखीव शब्द तीससुद्धा नाहीत. तेवढे पाठ व्हायला आठवडा पुरे. बाकीची नावं तू ठेवशील ती. अक्षरं इंग्रजी वापर, शब्द मराठी चालतात. मुद्दल, व्याज, हप्ता, थकबाकी अशीच नावं दे. दोन महिन्यांनी तोच कोड वाचशील तेव्हा ‘पी’ म्हणजे काय होतं ते आठवत बसावं लागणार नाही.

आता एक चूक सांगते, जी तू करणारच आहेस. मीही केली होती. गटाचं व्याज शेकडा दोन. म्हणजे शंभराला दोन. डोक्यात जसं येतं तसंच तू लिहिशील:

व्याज = मुद्दल * (२ / १००)

कोडमध्ये अंक इंग्रजी लिहायचे, इथं वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत दिलेत. हे चालवलंस की पाच हजारांचं व्याज येईल शून्य. दहा हजारांचं शून्य. सगळ्या बारा जणींचं व्याज माफ! आणि कुठं लाल रेघ नाही, तक्रार नाही, ॲप मस्त चालू.

होतं काय, की २ आणि १०० हे दोन्ही पूर्णांक आहेत. कोटलिनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं आणि दशांशाचा तुकडा टाकून दिला जातो. दोन भागिले शंभर म्हणजे ०.०२, त्यातला तुकडा गेला, उरलं शून्य. शून्याला पाच हजारांनी गुणलं काय आणि पाच लाखांनी काय. कंस काढून ‘मुद्दल * २ / १००’ असं लिहिलंस की आधी गुणाकार होतो, दहा हजार येतात, त्याला शंभरानं भागून शंभर मिळतात. गंमत म्हणजे ॲप इन्व्हेंटरच्या ठोकळ्यांत हे होत नाही, ते दशांश सांभाळतात. तिथं बरोबर आलेलं गणित इकडे आणलंस की फसेल.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन दिवस गुणाकाराकडे बघत बसले होते. तिसऱ्या दिवशी वैतागून प्रत्येक पायरीचं उत्तर वेगळं स्क्रीनवर छापून पाहिलं आणि भागाकारापाशी शून्य दिसलं. अडकलीस की तूही तेच कर. मुद्दल किती आली ते छाप, दर किती ते छाप, भागाकार किती ते छाप. महिनाअखेरीला शिल्लक जुळत नाही तेव्हा तू रोखवहीवर बोट ठेवून ओळ न् ओळ वर जातेसच ना, तेच इथं करायचं.

दुसरी चूक अस्सल आपल्याकडची. कुणी तरी फोनवर मराठी अंकांत रक्कम टाकेल. ‘५०००’ टाकलं तर पूर्णांक वाचणारी आज्ञा ते बिनतक्रार वाचते, तिला देवनागरी अंक कळतात. पण दर ‘२.५’ असा मराठी अंकांत टाकला की दशांश वाचणारी आज्ञा त्याला संख्याच मानत नाही आणि ॲप धाडकन बंद पडतं. हे इंग्रजी व्हिडिओत तुला कुणी सांगणार नाही, कारण तिकडे कुणी असे अंक टाकतच नाही. त्यामुळे आलेला मजकूर वाचायच्या आधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यायचे. दहा अंकांचं काम आहे.

आणि पैसे दशांशात साठवू नकोस. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ करता येत नाही, शेवटी कुठंतरी कण उरतो आणि सारख्या असायला हव्यात अशा दोन रकमा जुळत नाहीत. सगळी रक्कम पैशांत ठेव, पूर्णांकात. ९० रुपये ५० पैसे म्हणजे ९०५०. दाखवताना फक्त शंभरानं भागून दाखव. त्या भागाकारात तुकडा टाकून दिला जातो हे आता तुला माहीतच आहे, म्हणून वरचे पैसे बाकी काढून दाखव.

एवढं झालं, कोटलिनशी थोडी ओळख झाली, की मग अँड्रॉइड स्टुडिओ. तेव्हा लॅपटॉपला खर्च कर, पण नवा घेऊ नकोस. लातूरला किंवा अहमदपूरला दुरुस्तीवाल्याकडे नेऊन विचार की रॅम वाढवता येते का आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसते का. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथं इलाज नाही. पण बऱ्याच जुन्या मशीनमध्ये दोन्ही होतं आणि त्याला क्लासच्या फीइतके पैसे नक्कीच लागत नाहीत. स्टुडिओ उतरवायचं काम ज्यांच्याकडे वायफाय आहे अशा कुणाकडे तरी बसून एकदाच उरक. मग संगणकावरचा नकली फोन, ज्याला एम्युलेटर म्हणतात, तो चालूच करू नकोस, तो रॅम खाऊन टाकतो. तुझा खरा फोन वायरनं जोड. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ नावाची ओळ शोध आणि तिच्यावर सात वेळा टिचकी मार. हो, सातच, सप्तपदीसारखं मोजून. फोन तुला सांगेल की तू आता डेव्हलपर झालीस. इतक्या स्वस्तात दुसरी पदवी मिळत नाही. त्यानंतर यूएसबी डिबगिंग चालू केलं की तुझा कोड थेट फोनवर उतरतो.

शिकायचं कुठून? गूगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा अभ्यासक्रम फुकट आहे, अगदी काही न येणाऱ्यांसाठीच लिहिलेला. इंग्रजी साधं आहे. हिंदीतले व्हिडिओ ढिगानं मिळतील, पण तारीख बघून घे. स्क्रीन मांडायची कंपोज ही नवी पद्धत २०२१ च्या जुलैत पक्की होऊन आली. त्याआधीचे व्हिडिओ जुन्या पद्धतीनं शिकवतात आणि दोन्हीचं मिश्रण केलंस की काहीच जुळत नाही. एक धर आणि तोच शेवटपर्यंत ने. चॅटबॉटला चूक दाखवून ‘हे मराठीत समजाव’ म्हणायला काहीच हरकत नाही, उलट जरूर म्हण. ‘मला बचत गटाचं ॲप करून दे’ मात्र इतक्यात म्हणू नकोस. तो करून देईलही. पण त्यातही व्याज शून्य येत असेल तर ते तुला कळायला हवं, आणि बैठकीत जाब तुला विचारतील, त्याला नाही.

बायकांच्या फोनवर ॲप घालायची घाई नको. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या एपीके फाईलींनी, म्हणजे फोनवर ॲप बसवणाऱ्या फाईलींनी, लोकांची बँक खाती रिकामी केलीत, त्यामुळे अशी फाईल उघडू नका असं सगळ्यांना बजावलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. तू तीच सवय मोडायला लावू नकोस. स्वतः घरी जा, वायर जोड, समोर बसून घाल. कुणावर किती कर्ज आहे ही माहिती फोनमध्येच राहू दे, इंटरनेटवर कुठं साठवायच्या भानगडीत पडू नकोस. आणि निदान एक वर्ष वही बंद करायची नाही. सीआरपी ताई, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्या, दप्तर तपासायला आल्या तर त्यांना वहीच लागणार.

प्ले स्टोअर नंतर. तिथं खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात. नवं वैयक्तिक खातं असेल तर सगळ्यांसाठी ॲप खुलं करायच्या आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते चाचणीत ठेवावं लागतं. आधी ही अट २० जणांची होती, २०२४ च्या शेवटी १२ वर आली. तुझा गट नेमका बारा जणींचा, जणू गूगलनं तुमच्याकडे बघूनच ठरवलं! अर्थात त्यातल्या कितीजणींकडे साधा बटणाचा फोन आहे ते तुलाच ठाऊक.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. एका ॲपवर नोकरी मिळत नाही. पण मुलाखतीला समोर बसलेल्या पोरीनं ‘हे ॲप आमच्या गटातल्या बायका आठ महिने वापरतायत आणि त्यात मी हे तीनदा बदललं’ असं म्हटलं की मी प्रमाणपत्रांची फाईल उघडतसुद्धा नाही.

राहिली आई. तिला काही सांगायला जाऊ नकोस, तिलाच विचार. व्याज शिल्लक मुद्दलीवर लावता की पहिल्या रकमेवर? पाच हजारांतले पाचशे फेडले तर पुढच्या महिन्यात नव्वद की शंभरच? आठ आणे आले तर वर धरता की सोडून देता? हप्ता बुडला तर दंड लगेच, की एक बैठक सूट? बाळंतपणाला माहेरी गेलेलीला दंड लागतो का? दोघींनी एकाच महिन्यात उचल मागितली आणि पेटीत पैसे एकीपुरतेच असले तर आधी कुणाला? यातलं निम्मं ठरावाच्या वहीत नसेल, तिच्या डोक्यात असेल, आणि ते कळल्याशिवाय तुझ्या ॲपची एक ओळ लिहिता येणार नाही. संध्याकाळी भाकरी झाल्यावर वही-पेन घेऊन तिच्याजवळ बस. मोबाईल चार्जिंगला लावून ये.